पाइलवरच्या भरावासाठी पॉलिस्टर जिओग्रिड: ताकदीचा आकडा आणि जाळीचा झोळ

मऊ चिखलमातीत पाइल (खोल खांब) उतरवून त्यावर रस्त्याचा भराव घालताना पाइल कॅप (पाइलच्या डोक्यावरचा काँक्रीटचा ठोकळा) आणि भराव यांच्यामध्ये जी जाळी अंथरतात, तिचं हे परीक्षण. माल म्हणजे विणलेली, लेप दिलेली पॉलिस्टर जिओग्रिड, म्हणजे मातीला बळ देणारी जाळी. रोल साधारण ५ मीटर रुंद, ताकद गरजेप्रमाणे. निकाल आधीच सांगतो: कायमस्वरूपी भरावासाठी पॉलिस्टर ही पहिली पसंती. पॉलिप्रोपिलीन स्वस्त पडते, पण सततच्या ताणाखाली ती वर्षानुवर्षं लांबत राहते. इथे ती नकोच.

पाइल २ मीटर अंतरावर आणि चौकोनी कॅप ०.८ मीटरची धरू. दोन कॅपमधली मोकळी जागा १.२ मीटर. भरावात कमान धरली, म्हणजे माती दोन कॅपवर कमानीसारखी टेकली, की बहुतेक भार कॅपवर जातो आणि कमानीखालचा उरलेला भार जाळी पेलते. बीएस ८००६ या ब्रिटिश मानकाप्रमाणे पूर्ण कमानीसाठी भराव या मोकळ्या जागेच्या १.४ पट उंच लागतो, म्हणजे १.६८ मीटर. ०.७ पटीखाली, म्हणजे ०.८४ मीटरच्या आत ठेवलात, तर प्रत्येक कॅपचा उंचवटा रस्त्यावर उमटण्याचा धोका राहतो. तिथे कितीही भारी जाळी घातली तरी उपयोग नाही.

आता ताकदीचं. २०० किलोन्यूटन प्रति मीटर ही प्रयोगशाळेतली, थोड्या वेळाच्या ताणाची ताकद. क्रीपसाठी (सततच्या ताणाखाली हळूहळू लांबण्यासाठी) १.५, अंथरताना होणाऱ्या इजेसाठी १.१५ आणि रासायनिक झिजेसाठी १.१ या गुणकांनी भागलं, तर हाती उरतात जेमतेम १०५. हे गुणक मालागणिक बदलतात, म्हणून विक्रेत्याकडून आयएसओ २०४३२ प्रमाणे काढलेले आकडे आणि वेळेनुसार ताण-लांबीचे आलेख लेखी घ्या. ते देता येत नसतील तर तो माल या कामाचा नाही.

पण आमच्या मते जाळी कामाला येते की नाही, हे ताकदीपेक्षा ढिलाईवर ठरतं. १.२ मीटरच्या जागेत जाळी २ टक्के ताणली जायला मध्यभागी सुमारे १० सेंटिमीटर झोळ पडावा लागतो, ५ टक्क्यांना १६. हेच उलट करून बघा. तेवढ्याच जागेत २४ मिलिमीटर जास्तीची जाळी सुरकुतीत राहिली, तर जाळी काहीही ताण न घेता १० सेंटिमीटर खाली जाते आणि वरचा भराव तिच्यामागे बसतो. बोटभर उंचीची सुरकुती किरकोळ वाटते, पण भराव पडल्यावर ती काढता येत नाही. म्हणून रोल उलगडला की एक टोक पक्कं करायचं, दुसऱ्या टोकाकडून खेचायचं, आणि ताण सोडायच्या आत वर भराव टाकायचा.

कॅपच्या धारा गोल करून घ्या आणि कॅप व जाळी यांच्यामध्ये १० ते १५ सेंटिमीटर रेतीचा थर द्या. हा थर दोन कारणांसाठी: धार जाळी कापते, आणि ताज्या काँक्रीटचा अल्कलीपणा पॉलिस्टरला खातो. पीएच ९ च्या वर असेल, किंवा खालची माती चुन्याने स्थिर केलेली असेल, तर पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) जिओग्रिड घ्या. महाग पडते, पण तिथे तीच योग्य.

खालचा थर रस्त्याला आडवा, वरचा लांबीच्या दिशेने. आडव्या थराला मध्ये जोड नको, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अखंड रोल. सगळ्यात जास्त चुका याच दिशेच्या हिशेबात होतात, कारण फक्त झोळाचा ताण मोजला जातो. बाजूचा उतार भराव बाहेर ढकलतो आणि तो ताणही याच थरावर येतो. ३ मीटर भराव, १९ किलोन्यूटन प्रति घनमीटर वजन, वर २० किलोपास्कल भार आणि मातीच्या बाजूच्या दाबाचा ०.३३ गुणांक धरला, तर मीटरमागे सुमारे ४८ किलोन्यूटन निव्वळ याच कारणाने. ते सोडून दिलं की कडेला लांबच लांब भेग पडते. शिवाय शेवटच्या पाइल रांगेच्या बाहेर पुरेशी लांबी हवी. जागा नसेल तर टोक मागे दुमडून भरावात गाडा.

उघड्या जाळीवर डोझर किंवा डंपर अजिबात नको. आधी किमान १५ सेंटिमीटर भराव, मगच हलकं यंत्र. भराव पुरेसा उंच होईपर्यंत कमान धरलेली नसते, त्यामुळे डंपरच्या चाकाचा भार दोन कॅपच्या मध्ये थेट जाळीवर येतो. या काळात भारी कंपन लावून रोलिंग करू नका. रोल उन्हात पडू देऊ नका, अंथरल्यावरही लवकर झाका.

माल उतरवताना प्रत्येक रोलवर लॉट क्रमांक आणि मुख्य ताकदीची दिशा बघा, आणि आयएसओ १०३१९ प्रमाणे तपासणीसाठी लॉटमधून नमुना काढा. एकाच दिशेने जास्त ताकदीची जाळी चुकून फिरवून अंथरली गेली तर वरून बघून ओळखता येत नाही, म्हणून दिशेची खूण नसलेला रोल उतरवूनच घेऊ नका.