बॅकफ्लो घ्यायचं की साधं उदबत्तीचं स्टँडच बरं?

रील्समध्ये दिसतं ना ते बॅकफ्लो धूपस्टँड, सिरॅमिकचा छोटासा डोंगर आणि त्यावरून धबधब्यासारखा धूर खाली उतरतोय, बघितलं की घ्यावंसं वाटतंच. पण कार्टमध्ये टाकायच्या आधी एवढं बघा की तुमच्या घरात पंधरा-वीस मिनिटं पंखा बंद चालतो का. रंग, आकार, एलईडी लाइट वगैरे सगळं त्याच्या नंतर.

त्याचं काय आहे, बॅकफ्लोचे कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचे धूप, वेगळे येतात, बुडाला मधोमध भोक असतं आणि ते आत बरंच वरपर्यंत गेलेलं असतं. कोन जळायला लागला की थोडा धूर त्या पोकळीतून खाली येतो, येता येता गार होतो, गार झाला की जड होतो आणि मग खालच्या भोकातून निघून उतारावरून घरंगळत जातो. म्हणून पेटवल्या पेटवल्या काही दिसत नाही, पहिली दोन-तीन मिनिटं धूर वरच जातो आणि तेवढ्यात लोक पीस खराब आला म्हणून रिटर्न टाकतात. कोनाचं भोक आणि स्टँडचं भोक एकावर एक नीट बसलं पाहिजे, टोक चांगलं लाल झालं पाहिजे आणि हवा हलता कामा नये. पंखा १ वर असला तरी धबधबा गायब, मग उरतो तो नुसता धूर. आता नागपूरला मे महिन्यात कूलर बंद करून कोण बसणार, आणि मुंबईत तर डिसेंबरमध्येही पंखा लागतो! त्यामुळे आपल्याकडे ही वस्तू थंडीतली किंवा एसी बंद करून पाहुण्यांना दाखवायची, असं माझं मत.

उदबत्तीला यातलं काही सोयरसुतक नाही. पंखा असो, खिडकी उघडी असो, ती जळते, फार तर राख इकडेतिकडे उडते. स्टँड नसलं तर आपण केळ्यात खोचून मोकळे होतो. एक नेहमीच्या लांबीची उदबत्ती अर्धा-पाऊण तास चालते आणि छोटा बॅकफ्लो कोन दहा-पंधरा मिनिटांत संपतो, म्हणजे रोजच्या पूजेचा खर्च बघितला तर उदबत्तीच स्वस्त. बांबू जाळायचा नाही असं मानणारी घरं आहेत, त्यांना वाटतं की कोन म्हणजे बरं झालं, पण त्यासाठी बॅकफ्लोच कशाला, बिनकाडीची धूपकांडी किराणा दुकानात मिळते की.

धुराचंही बोलायला हवं. धूर दोन्हीकडे असतोच आणि तो नाकात-छातीत जाणारच, मग वास कितीही नॅचरल लिहिलेला असो. फरक असा की उदबत्ती लावून तुम्ही खिडकी उघडी ठेवू शकता, बॅकफ्लोला मात्र दार-खिडकी बंद लागते नाहीतर मजाच नाही, म्हणजे ज्या वस्तूला हवा खेळती पाहिजे तीच हवा बंद करून वापरायची. घरात दमा असलेलं कोणी असेल, तान्हं बाळ असेल, पिंजऱ्यात पक्षी असतील तर माझ्या मते विषय इथेच संपला. बाकीच्यांनी कोन संपला की लगेच खिडक्या उघडायच्या. परदेशात अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी छतावरचा स्मोक अलार्म कुठे आहे ते आधी बघून ठेवा.

आता घ्यायचंच ठरलं असेल तर सिरॅमिक की रेझिन? ऑनलाइन जे स्वस्तात, खूप बारीक कोरीव कामाचं आणि हातात हलकं लागतं ते बहुतेक पॉलीरेझिन, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिकच असतं. दिसायला छान, पण कोनाचं बूड शेवटी चांगलंच तापतं आणि रेझिनवर डाग पडतो, कधी रंग जातो. ग्लेझ केलेलं, म्हणजे वर काचेसारखा चकचकीत थर असलेलं सिरॅमिक जड असतं, पडलं तर फुटतं, पण उष्णता सहन करतं आणि मुख्य म्हणजे धुता येतं. मी दोनशे रुपये जास्त देऊन सिरॅमिकच घेईन. ग्लेझ नसलेलं मातकट फिनिश फोटोत भारी दिसतं, ते मात्र नको, डाग आत मुरतो.

डाग कसला? तो जो धूर गार होतो ना, त्यातलं डांबरासारखं चिकट तपकिरी तेल भोकाभोवती आणि धुराच्या वाटेवर जमत राहतं. याबद्दल प्रॉडक्टच्या पानावर कोणी अवाक्षर काढत नाही. तीन-चार कोन झाले की कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन बसावं लागतं, फारच चिकटलं असेल तर स्पिरिटचा बोळा. फक्त सिरॅमिक पूर्ण गार झाल्यावर, गरम असताना पाणी घातलं तर तडा जाऊ शकतो. खाली ताटली ठेवायची, नाहीतर तोच चिकटपणा लाकडी देव्हाऱ्यावर किंवा टीव्हीच्या युनिटवर उतरतो. आणि एक अगदी मनापासून सांगतो, शंकराच्या जटेतून धूर येणारी किंवा गणपतीच्या अंगावरून वाहणारी मॉडेलं घेऊ नका. पहिल्या दिवशी सुंदर वाटतात, मग देवाच्या तोंडावरचे तपकिरी ओघळ ब्रशने घासायची वेळ येते आणि घरातल्या आजींना ते अजिबात पटत नाही. डोंगर, कमळ, पायऱ्या पायऱ्यांचा धबधबा असलं काहीतरी बरं.

नुसता सुवास हवा असेल तर इलेक्ट्रिक डिफ्यूझर बघा, राख नाही, धूर नाही. संध्याकाळी घरभर ऊद-धूप फिरवायचा असेल तर धुपाटण्याला पर्याय नाही, बॅकफ्लो एका जागी बसून राहतं.

स्टँडसोबत दहा-वीस कोन फुकट येतात, त्यांचा वास बऱ्याचदा उग्र असतो, त्यावरून पूर्ण वस्तूला नाव ठेवू नका. नंतर घेताना पाकिटावर बॅकफ्लो लिहिलंय ना आणि बुडाला भोक आहे ना एवढं तपासा, साधा धूप कोन ठेवला तर धूर सरळ वर जाणार. पावसाळ्यात कोन सादळतात, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, एकदम मोठं पाकीट जुलैमध्ये तर घेऊच नका.