घडीचं वर्कबेंच, रिफंडचा क्यूआर आणि माझे १८,५९७ रुपये

बेळगावच्या उद्यमबागेत चोवीस वर्षं फिटर म्हणून घालवलेल्या माणसाच्या गळ्यात लोखंड म्हणून प्लॅस्टिक मारलं, हे लिहितानाही लाज वाटते. तरी लिहितोय, कारण गणपती जवळ आलेत आणि मखराच्या तयारीतले आपले कितीतरी लोक आत्ता तसलीच जाहिरात बघत असतील.

घर अनगोळला, दोन खोल्यांचं. प्लायवूड कापायचं म्हटलं की जिन्याच्या पायरीवर गुडघ्यानं दाबून धरायचं. म्हणून घडी घालून भिंतीला टेकवता येईल असं बेंच हवं होतं. वरच्या दोन फळ्यांत लाकूड आवळता आलं की तेच टेबल, तेच व्हाइस. फोनवर जाहिरात आली, तीही चांगल्या मराठीत. भार २५० किलो, वजन साडेतीन किलो, किंमत ४,२९९. माल आल्यावर पैसे दिले तर ४,७९९. पाचशे वाचवायला मी आधीच भरले.

साडेतीन किलो! तिथंच माझा हात थांबायला हवा होता. पत्रा नुसता चिमटीत धरून गेज सांगतो मी. एवढा भार घेणारं स्टीलचं घडीचं बेंच बारा-पंधरा किलोचं असतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण रात्रपाळी करून आलो होतो, डोळे मिटत होते, आणि "ॲल्युमिनियम असेल" अशी माझी मीच समजूत घातली. म्हणून सांगतो, अशा वस्तूचं चित्र बघू नका, आधी वजन बघा. पत्र्याची जाडी आणि स्क्रू कशाचा, हे लिहिलेलं नसेल तर घेऊच नका.

पार्सल आणणाऱ्या पोरानं खोकं दोन बोटांत अडकवून आणलं होतं. व्हाइसच्या स्क्रूवर नुसता चंदेरी रंग होता. सागाची एक पट्टी आवळून बघितली, तर तिसऱ्या फेऱ्याला आटे सोलले आणि पांढरी भुकटी तळहातावर पडली.

खोक्यावरच्या नंबरला फोन लावला. "काका, पूर्ण रिफंड देतो, क्यूआर पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका." ४,२९९ गेले. "सर्व्हर अडकलाय काका, ९,९९९ चा टाका, सगळे एकदम परत येतील." तेही गेले. पैसे यायला पिन लागत नाही, हे बायकोला मीच शिकवलं होतं. स्क्रीनवर नावसुद्धा कंपनीचं नव्हतं, कुणा माणसाचं होतं. पण तो श्वास घेऊ देत नव्हता आणि मला माझे ४,२९९ परत हवे होते. यात मला मूर्ख म्हणणाऱ्यानं आपले पैसे अडकले असताना तो आवाज एकदा ऐकावा.

पुढचं जास्त संतापजनक आहे. सायबर फसवणुकीची तक्रार घेणारा १९३० हा नंबर लागायला चाळीस मिनिटं गेली. पैसे गेल्या गेल्या पहिला फोन तिथंच करा, पुढच्या खात्यात जायच्या आत अडवले तरच हाती लागतात. बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकला, आम्ही काय करणार? पोलीस ठाण्यात म्हणाले, खातं महाराष्ट्रातलं आहे, तिकडं तक्रार द्या. कोल्हापुरात पाहुण्यांनी चौकशी केली, तर उत्तर आलं की तक्रारदार कर्नाटकातला आहे, तिकडंच द्यायला सांगा. माझा अर्ज मराठीत होता, तो कन्नडमध्ये लिहून आणायला लावला. लिहून नेला, तर "नाळे बर्री". उद्या या! सीमाभागातल्या माणसानं भाषेचं ओझं वाहायचं ते वाहायचं, पण चोरी झाल्यावरही दोन राज्यांनी त्याला चेंडूसारखं टोलवायचं? आम्ही कर दोघांपैकी कुणाचा बुडवलाय?

गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्यानं माहिती नोंदवून घ्यायचीच असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं, आणि ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. हे मला तिथं कुणी सांगितलं नाही, भाच्यानं सांगितलं. वस्तूच्या ४,२९९ साठी ग्राहक आयोगाकडं आपल्या जिल्ह्यातच जाता येतं, विक्रेता कुठलाही असो, आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. खोकं, लेबल, फोनवरचे संदेश, काहीही टाकू नका. मी रागानं लेबल फाडलं होतं, ते कचऱ्यातून काढून चिकटवलं.

१९३० चा पोचक्रमांक माझ्याकडं आहे. सोमवारी रजा टाकलीय. कलम १७३ कन्नडमध्ये छापून घेतलंय, ते आणि तो सोललेला स्क्रू घेऊन ठाण्यात चौथ्यांदा जातोय.