सीपॅपचा मास्क: नाकपुड्यांत, नाकावर की नाक-तोंडावर?

झोपेची तपासणी झाली, एएचआय (झोपेत तासाला किती वेळा श्वास अडकतो किंवा मंदावतो तो आकडा) तिशीच्या पुढे निघाला, डॉक्टरांनी सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन, लिहून दिलं. मग घरात सगळा खल मशीनवर होतो. दाब आपोआप बदलणारं ऑटो घ्यायचं की फिक्स प्रेशरचं, कुठल्या कंपनीचं, हवेला ओलावा देणारा ह्युमिडिफायर हवा की नको. मास्क काय, विक्रेता देईल तो. खरं तर आजच्या चांगल्या मशीनांमध्ये डावं-उजवं करायला फारसं काही उरलेलं नाही. हजारो रुपयांचं मशीन महिन्याभरात कपाटावर जाऊन बसतं ते बहुतेक वेळा मास्कपायी.

आणि विक्रेता बहुधा फुल फेस, म्हणजे नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क, काढून ठेवतो. “काका, झोपेत तोंड उघडं राहतं ना? मग हाच घ्या. नाकाने श्वास घ्या, तोंडाने घ्या, टेन्शन नाही.” ऐकताना पटतं. पण अमेरिकेतल्या झोपविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली दिलेला सल्ला याच्या उलट आहे: सर्वसाधारणपणे सुरुवात नाकाच्या मास्कने किंवा नाकपुड्यांतल्या पिलोने (छोट्या मऊ टोप्यांनी) करा, नाक-तोंड झाकणाऱ्याने नको.

त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. सीपॅपची हवा नाकातून गेली की ती मऊ टाळू आणि जीभ पुढे ढकलून घशाची वाट उघडी ठेवते. तीच हवा तोंडातूनही शिरली की नाक आणि तोंड यांच्यातला दाबाचा फरक मिटतो आणि जीभ मागे सरकू शकते. त्यात फुल फेसचे खालचे पट्टे आवळले की जबडा मागे दाबला जातो आणि घसा आणखी अरुंद होतो. म्हणूनच फुल फेसवर अनेकांना जास्त प्रेशर लागतं, आणि प्रेशर वाढलं की मास्कच्या कडेने हवा निसटणंही (लीक) वाढतं. शिवाय चेहऱ्याला टेकणारा घेर मोठा, म्हणजे हवा निसटायला जागाही जास्त. नाकाच्या हाडाशेजारून निसटलेली हवा थेट डोळ्यात जाते आणि सकाळी डोळे चुरचुरतात.

मग फुल फेस कुणी घ्यावा? ज्यांचं नाक खरोखर चालत नाही त्यांनी. नाकाचा पडदा खूप वाकडा आहे, पॉलिप (नाकातल्या मऊ गाठी) आहेत, बाराही महिने ॲलर्जीने नाक चोंदलेलं असतं, अशांना दुसरा इलाज नसतो, आणि त्यांच्यासाठी हा मास्क उत्तम काम करतो. पण ‘तोंड उघडं राहतं’ एवढ्यावर निर्णय घेऊ नका. उपचाराआधी तोंड उघडत होतं ते पुष्कळदा श्वास अडकत होता म्हणून. दाब नीट मिळू लागला की अनेकांचं तोंड आपोआप मिटतं. नाक चोंदत असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, मिठाच्या पाण्याने नाक धुवा, ह्युमिडिफायर वाढवून पाहा. इतकं करूनही मध्यरात्री ओठांतून ‘फुर्र’ आवाज येत असेल आणि सकाळी घशाला कोरड पडत असेल, तेव्हा फुल फेसचा विचार करा.

आता राहिले दोन. नेझल मास्क नाकावर बसतो, पिलो नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकतात. रेसमेड कंपनीचा एन २० पहिल्या प्रकारातला, पी १० दुसऱ्यातला. पी १० हातात घेतला की ‘एवढंच?’ असं वाटतं: दोन छोट्या सिलिकॉनच्या टोप्या आणि डोक्यामागून जाणारा एक दुहेरी पट्टा. कपाळ मोकळं, गाल मोकळे, चश्मा लावून पुस्तक वाचता येतं. बंद जागेत ज्यांचा जीव घाबरतो त्यांनी इथूनच सुरुवात करावी. मिशीवाल्यांनीही हाच आधी बघावा, कारण झुपकेदार मिशीवर नेझल मास्कची खालची कड टेकत नाही आणि फुल फेसची तर दाढी-मिशी दोन्हींशी झटापट. पिलो केसांच्या वाटेला फारसे जातच नाहीत.

पिलोची अडचण प्रेशरची. डॉक्टरांनी ७-८ लिहिलं असेल तर प्रश्न नाही; १२-१३च्या वर गेलं की काहींना हवेचा झोत नाकपुड्यांत झोंबतो, आतली त्वचा हुळहुळी होते. अशांना नेझल मास्क सोसतो, कारण त्यात हवा नाकाभोवतीच्या पोकळीत पसरून आत जाते. त्याची किंमत म्हणजे नाकाच्या हाडावर उठणारा लाल वळ. तो नको असेल तर नाकाखाली टेकणारा प्रकार आहे: रेसमेडचा एन ३०आय, फिलिप्सचा ड्रीमवेअर. यांची नळी डोक्यावर जोडलेली असते आणि हवा दोन्ही गालांवरच्या पोकळ पट्ट्यांतून येते. कुशीवर झोपून एक बाजू दाबली गेली तरी दुसरी चालू राहते. सारखी कूस बदलणाऱ्याला मी डोळे मिटून हाच सुचवीन.

एक गोष्ट मात्र पेटीवर बारीक अक्षरात असते आणि दुकानात क्वचितच सांगितली जाते. बऱ्याच मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाच्या क्लिप असतात. अंधारात चटकन लागतात, त्यामुळे लोकांना आवडतात. पण पेसमेकर, आयसीडी (हृदयाचे ठोके बिघडले की शॉक देणारं उपकरण), मेंदूतली धातूची क्लिप किंवा शंट (मेंदूतलं पाणी काढणारी नळी) असेल तर असा मास्क घ्यायचा नाही. फिलिप्सने सप्टेंबर २०२२मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला, रेसमेडनेही २०२३मध्ये आपल्या सूचना कडक केल्या. हे शेजारी झोपणाऱ्यालाही लागू आहे. नवऱ्याला मास्क आणि बायकोला पेसमेकर असेल तर बिनचुंबकाचाच घ्या.

ऑनलाइन स्वस्तात घेताना आणखी एक तपासा. सीपॅपच्या मास्कला उच्छ्वास बाहेर जाण्यासाठी बारीक छिद्रं असावी लागतात. रुग्णालयातल्या व्हेंटिलेटरसाठी ‘नॉन-व्हेंटेड’ मास्क येतात, त्यांचा नळी जोडायचा कोपरा बहुधा निळा असतो. दिसायला अगदी तसाच, पण घरच्या सीपॅपला तो लावणं धोक्याचं. फुल फेसमध्ये छिद्रांशिवाय एक झडपही असते: वीज गेली आणि मशीन थांबलं की ती उघडते आणि बाहेरची हवा आत येते. जिथे रात्री-अपरात्री लाइट जाते तिथे ही झडप स्वच्छ आहे ना, अडकत नाही ना, हे अधूनमधून बघायलाच हवं.

मास्क खुर्चीत बसून पसंत करू नका. आडवं झाल्यावर गाल, जबडा सगळं जागा बदलतं. दुकानात सोफ्यावर झोपा, मशीन तुमच्या प्रेशरवर लावायला सांगा, दोन्ही कुशींवर वळा, मगच पट्टे जुळवा. पट्ट्याखालून बोट सहज गेलं पाहिजे. हवा निसटली की आवळायचा मोह होतो. त्याऐवजी मास्क चेहऱ्यापासून किंचित उचला आणि पुन्हा टेकवा, कुशन, म्हणजे चेहऱ्याला टेकणारी मऊ गादी, फुगून नीट बसतं. जो विक्रेता झोपून बघू देत नाही, त्याच्याकडून निदान साइज बदलून देण्याची कबुली बिलावर लिहून घ्या. पी १०च्या पेटीत लहान, मध्यम, मोठे तिन्ही पिलो येतात, त्यामुळे साइज चुकण्याची भीती कमी. मास्कचा प्रकार बदलला तर मशीनच्या मेनूतही तो बदला. रेसमेडच्या मशीनवर पिलो, नेझल आणि फुल फेस असे वेगळे पर्याय असतात.

कुशन रोज साध्या सौम्य साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा; डेटॉल नको, स्पिरिट नको. रात्री तोंडाला क्रीम चोपडून मास्क लावला तर तो घसरणारच. नुसतं कुशन वेगळं मिळतं, पण ते तुमच्या गावात मिळतं का आणि केवढ्याला, हे मास्क घेण्याआधी विचारा. परदेशातून भाऊ-बहिणीने आणलेला भारी मास्क वर्षभराने कुशनसाठी अडून बसतो.