संत्र्याच्या गावातून ख्रिसमसची नवीन कव्हर: कोणती ऐकावी, कोणती सोडावी

सरळच सांगतो, जुन्या ख्रिसमस गाण्यांची जी नवीन कव्हर, म्हणजे दुसऱ्या कोणी नव्याने गायलेली रूपं, निघतात ना, त्यातली बरीचशी मॉलमध्ये मागे वाजायला ठीक आहेत, बसून ऐकायला नाहीत. पण जी जमली आहेत ती एक नंबर जमली आहेत आणि आपण नागपूरवाल्यांनी तर ती ऐकायलाच पाहिजे, काहून की यातली नावाजलेली गाणी बर्फात बसून लिहिलेलीच नाहीत.

'व्हाइट ख्रिसमस' घ्या. आयर्विंग बर्लिनचं गाणं, १९४२ मध्ये बिंग क्रॉस्बीच्या आवाजात आलं, महायुद्ध सुरू होतं आणि घरापासून लांब असलेल्या सैनिकांनी ते उचलून धरलं. त्याचं सुरुवातीचं एक कडवं आहे, बहुतेक गायक ते गाळतात. त्यात माणूस लॉस एंजेलिसच्या बेव्हर्ली हिल्समध्ये आहे, तारीख २४ डिसेंबर, मस्त ऊन पडलंय, गवत हिरवं आहे आणि संत्र्याची झाडं डोलतायत! अहो म्हणजे डिसेंबरात दुपारी काटोलकडे गेलं की जे दिसतं तेच, आणि तिथे उभा राहून तो बर्फाची आठवण काढतोय. 'द ख्रिसमस साँग'चं पण तसंच, १९४५ च्या भर उन्हाळ्यात उकाड्याने जीव नकोसा झाला म्हणून बॉब वेल्सने थंडीच्या चार ओळी खरडल्या आणि मेल टॉर्मेसोबत बसून गाणं पूर्ण केलं. मे महिन्यात कूलरसमोर बसणाऱ्या माणसाला यातलं काहीच वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून कव्हर ऐकताना मी एकच गोष्ट बघतो, जे जवळ नाही त्याची ओढ गाण्यात शिल्लक आहे की नाही.

मायकल बुब्लेचा २०११ चा 'ख्रिसमस' अल्बम सगळ्यांना माहीत असतो. आवाज मखमली, मागे मोठा बँड, घरी पाहुणे आले की लावायला यापेक्षा बरं काही नाही. पण सगळं इतकं गुळगुळीत आहे की अर्ध्या तासाने गाणं कधी बदललं तेच कळत नाही. एक गाणं मात्र फार आवडलं, मराया कॅरीचं १९९४ चं 'ऑल आय वॉन्ट फॉर ख्रिसमस इज यू' त्याने एकदम हळू केलंय आणि मूळच्या धावपळीत जी विनवणी दबून जाते ती इथे नीट ऐकू येते.

नोरा जोन्सचा २०२१ चा 'आय ड्रीम ऑफ ख्रिसमस' माझ्या मते घेण्यासारखा आहेच. १९५८ मध्ये 'चिपमंक्स' नावाच्या काल्पनिक खारींच्या चिरक्या आवाजात आलेलं 'ख्रिसमस डोन्ट बी लेट' ती असं काही निवांत गाते की ते पोरांचं गाणं होतं यावर विश्वास बसत नाही, आवाज तसाच थोडा आळसावलेला, कुठेही ओढाताण नाही, रात्री पारा दहाच्या खाली गेल्यावर रजईत बसून ऐका.

आता पेंटाटॉनिक्स. पाच जणं, वाद्य एकही नाही, सगळं तोंडानेच. त्यांचं २०१३ चं 'लिटल ड्रमर बॉय' मी आईला ऐकवलं तर ती मानायलाच तयार नाही की ढोल खरा नाहीये, मग व्हिडिओ दाखवला तेव्हा पटलं. गाण्यातल्या पोराकडे बाळ येशूला द्यायला काही नाही, फक्त ढोल वाजवता येतो, आणि इथे तो ढोलसुद्धा माणसाच्या श्वासातून येतोय. हेडफोन लावून ऐका, खालचा बेस छातीत जाणवतो, फोनच्या स्पीकरवर तो पार गायब होतो.

सगळ्यात मनाला लागलं ते फीबी ब्रिजर्सचं २०१७ चं 'हॅव युअरसेल्फ अ मेरी लिटल ख्रिसमस'. १९४४ मध्ये जुडी गार्लंडने सिनेमात गायलं तेव्हा त्यात 'तोवर कसंबसं निभावून नेऊ' अशा अर्थाची ओळ होती, पुढे १९५७ मध्ये गायक फ्रँक सिनात्राला ती फार उदास वाटली म्हणून तिथे झाडाच्या शेंड्यावर चांदणी लावायची ओळ आली, आणि मग पुष्कळ गायक चांदणीवालीच गात राहिले. फीबीने निभावून न्यायची ओळ परत घेतली. बारीक आवाज, उगाच सजावट नाही. ज्यांच्या घरचं कोणी पुण्या-बंगलोरला नोकरीला आहे आणि सुटी मिळाली नाही, त्यांनी हे एकटं ऐकावं.

'लास्ट ख्रिसमस'ची कव्हर मात्र मी सोडून दिलीयेत. १९८४ चं मूळ गाणं जॉर्ज मायकलने, वाद्यंसुद्धा स्वतःच वाजवून, इतकं पक्कं बांधलंय की नव्या लोकांना त्यात करण्यासारखं काही उरत नाही, नुसता बीट जाड होतो. आणि ॲपवरच्या तयार प्लेलिस्टमध्ये जी स्पीड वाढवलेली नाहीतर कराओके छाप गाणी घुसवलेली असतात त्यांचा मला मनापासून राग येतो, चांगल्या गाण्याच्या मधोमध ते येतं आणि सगळा मूड जातो. अल्बम शोधून पूर्ण लावा, प्लेलिस्टच्या भरवशावर राहू नका.

मोहननगर-सदरकडच्या कॅरल (ख्रिसमसची गाणी) गाणाऱ्या ग्रुपमधलं कोणी वाचत असेल तर पेंटाटॉनिक्सची मांडणी जशीच्या तशी उचलू नका, चांगला खर्ज लावणारा गडी असेल तरच त्या वाटेला जा, नाहीतर नोरासारखं एक कीबोर्ड आणि एक आवाज पुरे.