फोटोशॉपमध्ये आग लावण्याचे सात महिने

गेल्या सात महिन्यांत मी फोटोशॉपमध्ये लहानमोठ्या मिळून चाळीसेक चित्रांत आग तयार केली. त्यांत मशाली होत्या, शेकोट्या होत्या, कडेने जळत जाणारा कागद होता आणि एका मुखपृष्ठासाठी पेटलेले जहाजही होते. सुरुवातीला माझी सगळी भिस्त ‘रेंडर’ गटातील ‘फ्लेम’ या फिल्टरवर, म्हणजे ज्वाळा आपोआप काढून देणाऱ्या तयार सोयीवर होती. तेवढ्यावर काम भागेल ही समजूत फार दिवस टिकली नाही. मात्र फिल्टर निरुपयोगी ठरला असेही नाही.

हा फिल्टर पाथशिवाय चालत नाही. आधी पेन टूलने रेषा आखायची, रिकामा लेअर (चित्रावरचा वेगळा थर) निवडायचा आणि मग फिल्टर उघडायचा. पाथच्या बाजूने एकच ज्वाळा, अनेक ज्वाळा, मेणबत्तीची ज्योत असे प्रकार त्यात आहेत. लांबी, रुंदी, कोन, दोन ज्वाळांमधले अंतर आणि कडांचा खडबडीतपणा स्लायडरने ठरवता येतो. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत दिसलेला परिणाम पाहून मी खूश झालो होतो. दोष कळला तो शेकोटीच्या वेळी. एकाच पाथवर ओळीने उभ्या केलेल्या ज्वाळा एकमेकींच्या सख्ख्या बहिणी दिसतात, आणि डोळ्याला ते सारखेपण लगेच खुपते. आता मी एक लांब पाथ घेण्याऐवजी वेगवेगळ्या वळणांचे पाचसहा आखूड पाथ घेतो, प्रत्येक ज्वाळा स्वतंत्र लेअरवर काढतो आणि नंतर लिक्विफाय या फिल्टरने त्यांची टोके ओढून विस्कटतो. पाथ जपून ठेवणे महत्त्वाचे आहे, कारण ओके दाबल्यावर ज्वाळा म्हणजे नुसते पिक्सेल उरतात.

मेणबत्तीच्या ज्योतीला हात घालण्यापूर्वी खरी ज्योत जवळून पाहावी. तिच्या तळाशी निळसर झाक असते, वातीभोवतीचा भाग काळसर आणि पारदर्शक असतो, आणि पिवळा उजेड पडतो तो वरच्या भागात तापून चमकणाऱ्या काजळीच्या कणांमुळे. फिल्टरच्या ज्योतीत हा तळ मला कधीच पटला नाही. मी तो भाग मास्कने (लेअरचा हवा तेवढाच भाग दाखवणाऱ्या झाकणीने) पुसून काढतो आणि वेगळ्या लेअरवर मऊ ब्रशने अगदी फिकट निळा रंग देतो.

मधल्या काळात जुनी पद्धतही वापरून पाहिली. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे आकार काढायचे, चित्र नव्वद अंशांत फिरवून वाऱ्याने ओढल्यासारख्या रेघा काढणारा विंड फिल्टर दोनतीनदा लावायचा (तो आडवाच वाहतो म्हणून हा खटाटोप), चित्र पुन्हा सरळ करून ग्रेस्केलमध्ये, म्हणजे नुसत्या करड्या छटांत न्यायचे, तिथून इंडेक्स्ड कलरमध्ये, जिथे प्रत्येक छटेला तक्त्यातला एक रंग मिळतो, आणि ‘ब्लॅक बॉडी’ हा रंगतक्ता निवडायचा. काळ्याकडून लाल, नारिंगी, पिवळा आणि पांढरा असा हा क्रम तापत जाणाऱ्या वस्तूचाच असल्यामुळे रंग फसत नाहीत. जळत्या अक्षरांसाठी ही पद्धत आजही मला आवडते. शेकोटीसाठी ती चालत नाही. जाता जाता, गिंप या चित्रसंपादनाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फ्लेम नावाचा जो फिल्टर आहे, त्याचा खऱ्या आगीशी संबंध नाही. तो फ्रॅक्टलच्या, म्हणजे गणिती सूत्रांतून तयार होणाऱ्या नक्ष्या काढतो, आणि त्याच्यापायी माझी एक संध्याकाळ वाया गेली.

मुख्य ज्वाळेसाठी मी शेवटी छायाचित्रांकडे वळलो. अंधारात काळ्या पडद्यासमोर टिपलेली ज्वाळा स्क्रीन या ब्लेंड मोडमध्ये (वरचा लेअर खालच्यावर उजेडासारखा मिसळण्याच्या पद्धतीत) ठेवली की काळा भाग आपोआप नाहीसा होतो. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर असेल तर ज्वाळेचे तुकडे आणि धारदार कडा मिळतात. तिसाव्या भागावर तीच ज्वाळा रेशमासारखी पसरते. एकाच चित्रात दोन्ही प्रकार मिसळले की काहीतरी चुकल्याचे पाहणाऱ्याला जाणवते, भले त्याला कारण सांगता येवो न येवो.

स्क्रीनची मर्यादा मला पेटलेल्या जहाजाने शिकवली, कारण त्याच्यामागे दिवसाचे आकाश होते. हिशेब करून पाहा; 0 म्हणजे काळा आणि 255 म्हणजे पांढरा. ज्वाळेच्या पिक्सेलचे मूल्य 150 आणि मागच्या काळोखाचे 60 असेल तर उत्तर साधारण 175 येते, म्हणजे 115 ची वाढ होते; मागे 200 मूल्याचे आकाश असेल तर उत्तर 232, म्हणजे जेमतेम 32 ची वाढ. ज्वाळा आकाशात विरघळून जाते. यावर मी दोन गोष्टी केल्या. चॅनलच्या यादीतल्या आरजीबी (लाल, हिरवा, निळा एकत्र) या चॅनलवर कंट्रोल दाबून क्लिक करून ज्वाळेच्या उजळपणाचे सिलेक्शन घेतले, त्याचा मास्क करून ज्वाळेची एक प्रत नॉर्मल मोडमध्ये, म्हणजे खालच्या रंगात न मिसळता, खाली ठेवली, आणि त्याच्याही खाली काळपट धुराचा लेअर टाकून तेवढ्या भागातले आकाश दाबले. भर उन्हातली आग प्रत्यक्षातही फिकीच दिसते, तेव्हा ती रात्रीच्या आगीसारखी धगधगती करण्याचा हट्ट मी सोडून दिला आहे.

सर्वांत जास्त वेळ जातो तो आगीबाहेरच्या कामात. एका ग्राहकाने मशालीचे चित्र ‘चिकटवल्यासारखे वाटते’ म्हणून परत पाठवले, तेव्हा ज्वाळा बदलण्यात माझे दोन दिवस गेले. प्रत्यक्षात चूक माणसाच्या चेहऱ्यात होती: मशाल उजव्या हातात उंच धरलेली, आणि नाकाची सावलीही उजव्याच गालावर. मूळ छायाचित्रातला तो उजेड डावीकडून आलेला होता. मी उजळपणा कमीजास्त करणाऱ्या कर्व्हजच्या एका लेअरने सगळे चित्र काळवंडवले आणि नारिंगी उजेडाचा दुसरा लेअर मास्कमधून फक्त उजवे गालफड, भुवईची कड, बोटांच्या पेरांची आतली बाजू आणि बाहीच्या चुण्या एवढ्याच ठिकाणी उघडला. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो, म्हणून बोटांवरचा उजेड प्रखर ठेवून गालावर तो बराच उतरवला. ज्वाळा तीच राहिली आणि चित्र मंजूर झाले.

अशा उजेडाचे मोठे, मऊ वलय आठ बिटमध्ये, म्हणजे कमी छटांत, काढले तर पट्टे दिसू लागतात. मी आता काम सोळा बिटमध्ये करतो आणि शेवटी किंचित नॉइज (बारीक दाणे) घालतो. ठिणग्यांसाठी ब्रशच्या आकारात आणि विखुरण्यात चढउतार ठेवला की पुरते. फक्त त्या मोजक्या असाव्यात आणि वर जाताना बारीक होत जाव्यात. ज्वाळेवरच्या तापलेल्या हवेची थरथर डिस्प्लेस फिल्टरने बरी साधते; तो नकाशा म्हणून दिलेल्या दुसऱ्या चित्राच्या छटांप्रमाणे पिक्सेल सरकवतो. नकाशातला मधला करडा रंग, म्हणजे 128, चित्राला जागचे हलवत नाही आणि त्यामुळे थरथर हवी तेवढ्याच पट्ट्यात ठेवता येते. धुराचे मात्र अजून माझ्याकडून नीट जमलेले नाही. क्लाउड्सच्या फिल्टरमधून काढलेला धूर ढगासारखाच दिसतो आणि छायाचित्रातल्या धुरावर उजेड भलत्याच बाजूने पडलेला असतो, म्हणून सध्या मी तो चित्राच्या वरच्या कडेला, जवळजवळ चौकटीबाहेर ठेवतो.