ट्रॅक डेला कॅमेरा कुठे लावायचा: काच, हेडरेस्ट की बॉनेट?

ट्रॅक डेची, म्हणजे स्वतःची गाडी रेस ट्रॅकवर चालवायच्या दिवसाची, फी भरून झाली, ब्रेक फ्लुइड बदललं, टायर तपासले, की पुढचा प्रश्न ठरलेला: कॅमेरा कुठे लावू? विचारणाऱ्याकडे कॅमेरा बहुधा आधीच असतो, आणि त्याच्यासोबत घेतलेला एक सक्शन कपही. कोणता कॅमेरा घ्यावा यावर लोक तासन्‌तास भांडतात, पण तो धरून ठेवणारी वस्तू शेवटच्या दिवशी घाईत उचलतात. म्हणून इथे तुलना कॅमेऱ्यांची नाही, माउंटची आहे. गाडी रोजच्या वापरातली धरली आहे. पोलो, स्विफ्ट, आय-ट्वेंटी अशी, रोल केज (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा नळ्यांचा पिंजरा) नसलेली, पुण्या-मुंबईहून चालवत चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटला किंवा कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेला नेलेली.

माझं मत आधीच सांगतो. पहिल्यांदा जात असाल तर एकच कॅमेरा लावा, आणि तो दोन सीटच्या मध्ये, हेडरेस्टच्या दांडीला क्लॅम्प करून. पुढच्या काचेवरचा सक्शन कप हा दुसऱ्या क्रमांकाचा पर्याय. गाडीच्या बाहेर कॅमेरा लावायचा विचार दोन-तीन ट्रॅक डे झाल्यावर करा, तोही आयोजक हो म्हणाला तर.

व्हिडिओ कोण बघणार?

निवड यावरच ठरते. रीलसाठी लागणारं दृश्य आणि आपली ड्रायव्हिंग सुधारण्यासाठी लागणारं दृश्य यांत फार फरक आहे. काचेवरून समोर बघणाऱ्या कॅमेऱ्यात रस्ता छान दिसतो, पण हात दिसत नाहीत. वळणाच्या मध्यावर स्टिअरिंग दोनदा दुरुस्त केलं का, ब्रेक सोडायच्या आधीच वळायला सुरुवात केली का, गिअर बदलताना डावा हात किती वेळ लिव्हरवर रेंगाळला, यातलं काहीही त्या चित्रात सापडणार नाही. उलट वाइड लेन्समुळे समोरचा रस्ता जास्त लांब आणि वेग जास्त वाटतो, त्यामुळे आपण बरंच चांगलं चालवतो असा समज होतो.

सीटच्या मधून, ड्रायव्हरच्या डाव्या खांद्याच्या पातळीवरून घेतलेल्या चित्रात हात, स्टिअरिंग, गिअर लिव्हर, स्पीडोमीटरचा काही भाग आणि काचेपलीकडचा अपेक्स (वळणाच्या आतल्या कडेचा बिंदू) हे सगळं एका चौकटीत येतं. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, गिअर डाव्या हाताने टाकतो, त्यामुळे ही जागा आपल्या गाड्यांना अगदी सोयीची आहे. मद्रासच्या ३.७१७ किलोमीटरच्या ट्रॅकवर १२ वळणं आहेत, आणि तिथली मंडळी त्यांना सी-वन, सी-टू अशीच हाक मारतात. संध्याकाळी इन्स्ट्रक्टरसमोर व्हिडिओ लावून ‘सी-वनला काय चुकतंय?’ असं विचारलं, तर त्याला आधी तुमचे हात बघायचे असतात.

हेडरेस्टचा क्लॅम्प

या पर्यायात माउंट गाडीच्या धातूला जोडला जातो, हा त्याचा मोठा गुण. हेडरेस्टच्या दांड्या साधारण बोटाएवढ्या जाड असतात. गोप्रो या ॲक्शन कॅमेऱ्याच्या कंपनीचा सायकलच्या हँडलबारसाठीचा क्लॅम्प ९ ते ३५ मिलिमीटरच्या नळीवर बसतो, तो इथे चालतो. दांडी गुळगुळीत असल्यामुळे क्लॅम्प हळूहळू फिरतो. आत जुन्या ट्यूबच्या रबराची पट्टी घातली की फिरणं थांबतं.

क्लॅम्प कोणत्या सीटला लावायचा यावर मात्र लोक चुकतात. ड्रायव्हरच्या सीटला लावला तर जोरात ब्रेक मारताना तुम्ही पाठ रेटता, सीटची पाठ किंचित लवते आणि चित्र डुलतं. शेजारच्या सीटची उजवी दांडी घ्या. शेजारी इन्स्ट्रक्टर बसणार असेल तर कॅमेरा सीटच्या पाठीच्या रेषेच्या मागेच राहील असा ठेवा आणि त्याचं हेडरेस्ट उगाच वर ओढू नका. दांडी उघडी पाडण्यासाठी हेडरेस्ट भलत्याच उंचीवर नेलं तर मागून धडक बसल्यावर ते मानेच्या कामाला येणार नाही. दोन्ही सीटना जोडणारा आडवा बार मिळाला तर आणखी घट्ट काम होतं, पण सीट पुढे-मागे केली की तो दर वेळी नव्याने बसवावा लागतो.

तोटेही आहेत. काही स्वस्त हॅचबॅकमध्ये हेडरेस्ट सीटलाच घडवलेलं असतं, दांडी नसतेच. बकेट सीट (रेसिंगची एकसंध सीट) बसवलेल्यांचंही तेच. शिवाय आतला अंधार आणि बाहेरचं ऊन एकाच चौकटीत येतं, त्यामुळे एक्स्पोजर ऑटोवर सोडलं तर रस्ता पांढराफट्ट होतो. कॅमेऱ्यात एक्स्पोजर थोडं कमी करून लॉक करा. डॅशबोर्ड काळा पडला तरी हरकत नाही, रस्ता दिसायला हवा.

रोल केज असलेल्या गाडीत हा सगळा वाद संपतो. केजच्या नळीला मोठा क्लॅम्प लावायचा, एवढंच. मुख्य हूपची, म्हणजे ड्रायव्हरच्या मागच्या कमानीची, नळी साधारण ४५ ते ५० मिलिमीटरची असते, तिला हँडलबारचा लहान क्लॅम्प पुरत नाही. फक्त डोक्याजवळचं पॅडिंग काढून तिथे कॅमेरा बसवू नका. फॉर्म्युला वनमध्येही मुख्य ऑनबोर्ड कॅमेरा ड्रायव्हरच्या डोक्यामागच्या रोल हूपच्या वर असतो. सगळ्यात ताठ भाग तोच.

काचेवरचा सक्शन कप

कप पडतो कशामुळे? त्याची ताकद कमी पडते म्हणून नाही. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो असतो. ८ सेंटिमीटर व्यासाच्या कपचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर, म्हणजे कागदावर तो ५० किलो धरू शकतो. कॅमेरा किती वजनाचा? गोप्रो हिरो १२ बॅटरीसकट १५४ ग्रॅम, कप आणि आर्म धरून पाव किलोच्या आसपास. वळणातल्या जोराने तो निघायचं काही कारणच नाही.

तो निघतो ते कडेतून हवा शिरल्यामुळे. पाऊण दिवस उन्हात उभ्या गाडीची काच तापते, रबर मऊ पडतं, कपखालची हवा प्रसरण पावते. त्यात आपल्याकडचं खास कारण म्हणजे वॉशिंग सेंटरचं पॉलिश. गाडी धुवून देताना डॅशबोर्डवर जो चकाचक सिलिकॉनचा थर मारतात, त्याचा अंश काचेच्या खालच्या भागावरही बसतो आणि त्यावर ना कप टिकत ना चिकटपट्टी. आयसोप्रोपिल अल्कोहोलने काच पुसा, कपही पुसा, कोरडं झाल्यावर लावा. थुंकी लावून कप चिकटवायची सवय सोडा, ओलसर कप घसरतो. दर सेशनआधी एकदा काढून पुन्हा दाबा. सकाळी लावलेला कप दुपारच्या सेशनला तसाच नेऊ नका.

आर्म जितका लांब तितका कंप जास्त. हल्लीच्या गाड्यांची काच फार तिरकी असते, त्यामुळे कप पुढे लावून कॅमेरा मागे आणायला लोक दोन-तीन जोड्यांचा आर्म वापरतात. प्रत्येक जोड एक बिजागरीच समजा. जितके कमी तितके बरे, आणि त्यांचे स्क्रू हाताने नव्हे, छोट्या पान्याने आवळा. तपासायची रीत सोपी आहे: कॅमेरा हातात धरून ढकला. गाडी डुलली पाहिजे. कॅमेरा एकटाच हलला तर माउंट अजून सैल आहे.

आता यातला खरा धोका. शेजारच्या सीटसमोरची एअरबॅग बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डच्या वरच्या भागातून उसळते, काचेला लागते आणि मग प्रवाशाकडे फुगते. हे सगळं सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास उरकतं. लोक कॅमेरा नेमका तिथेच लावतात, कारण ड्रायव्हरच्या नजरेआड ती जागा मोकळी दिसते. कॅमेरा आरशाच्या खाली, काचेच्या मध्यभागी लावा. बाजूच्या खांबांपासून आणि छताच्या कडेपासूनही दूर, तिथे कर्टन एअरबॅग (बाजूच्या खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी) असू शकते. आणि हिशेब मनात असू द्या: धडकेत वजनाच्या २५ पट जोर धरला, तर पाव किलोची वस्तू सहा किलोच्या वर जाते. म्हणूनच स्क्रुटिनीला, म्हणजे ट्रॅकवर जाण्याआधीच्या गाडीच्या तपासणीला, सुटं सामान काढायला लावतात. डॅशबोर्डवरचा गणपती चिकटवलेला असला तरी त्यालाही त्या दिवशी पॅडॉकमध्येच (ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या आवारात) बसवा.

एका बाबतीत काच हेडरेस्टवर मात करते: कॅमेरा उलटा फिरवून ड्रायव्हरचा चेहरा टिपायचा असेल तर. हेल्मेटमधले डोळे वळणात कुठे बघतात, अपेक्सकडे की बॉनेटच्या टोकाकडे, हे कळायला दुसरी जागा नाही. दोन कॅमेरे असतील तर दुसरा असाच लावा.

चिकटपट्टीचा माउंट

चिकटपट्टीबद्दल लोकांना उगाच शंका असते. थ्रीएमची व्हीएचबी टेप सपाट, स्वच्छ पृष्ठभागावर सक्शन कपपेक्षा कितीतरी भरवशाची आहे. मात्र तिला वेळ द्यावा लागतो. सामान्य तापमानाला २० मिनिटांत साधारण निम्मी पकड येते, २४ तासांत ९० टक्के आणि ७२ तासांत पूर्ण. ट्रॅकवर पोहोचून पिटमध्ये चिकटवणाऱ्यांनी तिला दोष देऊ नये. घरून निघायच्या तीन दिवस आधी लावा. डॅशबोर्डच्या खरबरीत प्लास्टिकवर ती बसत नाही, काचेवर छान बसते. काढताना हेअर ड्रायरने गरम करून मागून मासेमारीची दोरी करवतीसारखी फिरवायची.

बाहेरचा कॅमेरा

मान्य आहे, सगळ्यात देखणं चित्र इथूनच मिळतं. दरवाजाखालून पुढच्या चाकाकडे बघणारा कॅमेरा, कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्याच्या पट्टीवर) चढणारं टायर, दबणारं सस्पेंशन. आणि सगळ्यात जास्त नकारही याच जागेला मिळतात.

दीडशेच्या वेगाला छोट्या ॲक्शन कॅमेऱ्यावर हवेचा रेटा साधारण अर्धा किलो वजनाएवढा येतो. तो फार नाही. पण तो सतत असतो, थरथरता असतो, आणि वक्र पत्र्यावर बसवलेल्या कपची कड उचलायला पुरेसा असतो. आत सुटलेला कॅमेरा तुमचं डोकं फोडेल. बाहेर सुटलेला मागून येणाऱ्याच्या काचेवर आदळेल, किंवा ट्रॅकवर पडून लाल झेंडा दाखवायला लावेल आणि सगळ्यांचं सेशन थांबेल. फी सगळ्यांनी भरलेली असते.

चुंबकाचा माउंट घेणार असाल तर आधी फ्रिजवरचा चुंबक लावून बघा. बॉनेट ॲल्युमिनियमचं असेल तर तो धरणारच नाही, आणि धरला तरी खाली धुळीचा कण असेल तर रंगावर ओरखडा नक्की. टेदर म्हणजे सुरक्षेची तार लावाच, पण तिची लांबी मोजून. सुटल्यावर कॅमेरा जमिनीला किंवा चाकाला पोहोचता कामा नये. लांब तार असली तर तोच कॅमेरा दरवाजावर हातोडीसारखा आपटत राहतो. आतल्या कॅमेऱ्यालाही तार हवी, आणि तिची टोकं ड्रायव्हरच्या डोक्यापर्यंत आणि पेडलपर्यंत पोहोचणार नाहीत एवढी आखूड हवी.

हेल्मेट, ३६० अंशांचा कॅमेरा, फोन

हेल्मेटवर कॅमेरा नको. गाडी उलटली तर छत आणि डोकं यांच्या मध्ये एक कठीण गोळा येतो आणि मानेला तरफ मिळते. एवढं कारण पुरे.

३६० अंशांचा कॅमेरा मोहक आहे, एकाच जागेवरून हात, चेहरा, रस्ता सगळं मिळतं. पण घरी येऊन प्रत्येक लॅपची चौकट बसवायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ फार थोडे लोक देतात. ज्याला एडिटिंगची आवड आहे त्याने घ्यावा.

फोन लावायचा असेल तर हे माहीत असू द्या: ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं होतं की मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलींसारख्या जोरदार कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्यातलं ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन आणि ऑटोफोकस बिघडू शकतं. गाडीतली कंपनं तेवढी नसतात, तरी महागडा फोन कर्बवर नाचवायची हौस मला तरी नाही. लॅप टायमिंगसाठी त्याचा वापर करा. तिथेही फोनच्या जीपीएसकडून फार अपेक्षा ठेवू नका. तो बहुधा सेकंदाला एकदा जागा नोंदवतो, आणि दीडशेच्या वेगात एका सेकंदात गाडी ४२ मीटर पुढे गेलेली असते. रेसबॉक्स मिनीसारखं जीपीएसचं वेगळं उपकरण सेकंदाला २५ वेळा नोंद घेतं. व्हिडिओवर वेगाचे आकडे हवे असतील तर कॅमेरा निवडताना एक बघा: गोप्रोने हिरो १२ मधून जीपीएस काढलं होतं, हिरो १३ मध्ये परत आणलं.

सेटिंगबद्दल थोडं

गाडीच्या आत लावलेल्या कॅमेऱ्याचं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन बंद करा. कॅमेऱ्याचा जायरो (हालचाल ओळखणारा सेन्सर) गाडीचं वळणं हाताची थरथर समजून पुसायला बघतो. मग रस्ता स्थिर दिसतो आणि डॅशबोर्ड जेलीसारखा लचकतो. बाहेरच्या कॅमेऱ्याला, चौकटीत गाडी फारशी दिसत नसेल तर, ते चालू ठेवायला हरकत नाही. ४के ६० फ्रेमला १०० मेगाबिटचा दर धरला तर तासाला ४५ जीबी लागतात आणि बंद गाडीत कॅमेराही तापतो. शिकण्यासाठी १०८० पुरेसं आहे. काचा खाली असतील तर कॅमेऱ्याच्या माइकमध्ये वाऱ्याशिवाय काही येत नाही, इंजिनाचा आवाज हवा असेल तर छोटा रेकॉर्डर फोमच्या टोपीसकट डिकीत बांधून टाका.

परवानगीचं मात्र गृहीत धरू नका. काही आयोजक फक्त आतला कॅमेरा चालवून घेतात, काही आधी दाखवायला लावतात. जर्मनीत नोकरीला असलेली आपली मंडळी सुट्टीत नुरबुर्गरिंगच्या टुरिस्ट फेऱ्यांना जातात, तिथे तर नियमांनुसार परवानगीशिवाय चित्रीकरणाला मनाईच आहे. इथे नोंदणी करतानाच माउंटचा फोटो पाठवून विचारा, म्हणजे स्क्रुटिनीच्या रांगेत क्लॅम्प सोडवत बसावं लागत नाही.