एरॉक्स 155: रोजचे हिंजवडी आणि महिन्याचा एक घाट

सिंहगड रस्त्यावरच्या घरापासून हिंजवडीतील कार्यालयापर्यंत रोज जाऊन-येऊन सुमारे 40 किलोमीटर आणि महिन्यातून एकदा तरी वाई, महाबळेश्वर किंवा ताम्हिणीमार्गे कोकण, असा माझा दुचाकीचा वापर आहे. दोन्ही कामांना एकच गाडी पुरावी म्हणून अडीच वर्षांपूर्वी यामाहाची एरॉक्स 155 ही स्कूटर घेतली. मोटारसायकल नको होती, कारण वारजे ते वाकड या गर्दीत सतत क्लच दाबून डावा हात भरून येत असे. गाडीचे आतापर्यंत 23,000 किलोमीटर झाले आहेत.

या स्कूटरचा सर्वांत मोठा गुण तिच्या चाकांत आहे. आपल्याकडच्या बहुतेक स्कूटरना 10 किंवा 12 इंची चाके असतात. हिची पुढची आणि मागची दोन्ही चाके 14 इंची आहेत. लहान चाक खड्ड्यात उतरते, मोठे चाक त्याची कड ओलांडून पुढे जाते, आणि हा फरक पावसाळ्यानंतरच्या रस्त्यावर पहिल्याच दिवशी मनगटांना कळतो. मागचा टायर 140 मिलिमीटर रुंद असल्यामुळे सातारा रस्त्यावर शेजारून ट्रक गेला तरी गाडी डगमगत नाही. मागचे शॉकअप मात्र कडक धाटणीचे आहेत. डबलसीट असताना ते अधिक सुखाचे वाटतात.

155 सीसीचे इंजिन लिक्विड कूल्ड आहे आणि साधारण 15 पीएस ताकद देते. इंजिनाचे फेरे मिनिटाला 6,000 च्या पुढे गेले की इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनात हवा आणि पेट्रोल आत सोडणारी झडप, जास्त उघडणारा दुसरा कॅम (झडप ढकलणारा फिरता उंचवटा) कामाला लागतो आणि मीटरवर ‘व्हीव्हीए’ ही अक्षरे उमटतात. वाईहून पसरणी घाट चढताना मागे पत्नी आणि डिकीत दोन दिवसांचे कपडे असूनही एसटीच्या मागे रखडावे लागत नाही, आणि पाचगणीला पोहोचेपर्यंत इंजिन तापल्याची कुरकुर जाणवत नाही.

उतरणीबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण स्कूटर घेऊन घाटात जाणाऱ्या अनेकांना हे कोणी सांगत नाही. स्कूटरचा क्लच इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून वेग फार कमी केला, की क्लच सुटतो, इंजिनाची ओढ नाहीशी होते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. या गाडीला पुढे एबीएससह (जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) डिस्क ब्रेक असला तरी मागे ड्रम आहे, आणि तो सतत दाबून ठेवला तर तापतो. पहिल्या पावसाळ्यात पसरणी उतरताना जळक्या लायनरचा वास आला, तेव्हा चूक माझीच होती. आता मी ॲक्सिलरेटर किंचित उघडा ठेवून क्लच धरलेला राहील एवढा वेग राखतो आणि वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक थोडे थोडे, सोडून सोडून वापरतो.

आता घरातल्या कामांविषयी. मधोमध उंच कणा असल्यामुळे पायाशी सपाट जागा नाही. दळणाचा डबा दोन पायांत धरून आणणे ही ज्या घराची सवय आहे, त्या घराला हे पहिल्याच रविवारी खटकेल. 24.5 लिटरच्या डिकीत एक हेल्मेट किंवा पाच किलो पिठाची पिशवी बसते, पण डबा बसत नाही. सिलिंडरचा तर प्रश्नच नाही. आमच्याकडे या कामांसाठी सासऱ्यांची जुनी स्कूटर आहे, म्हणून निभावते.

टाकी 5.5 लिटरची आहे. मला शहरात 40 ते 42 आणि महामार्गावर संथ चालवल्यास 45 च्या आसपास ॲव्हरेज मिळते, म्हणजे 150 किलोमीटर झाले की पंप शोधायला लागणे शहाणपणाचे. महाबळेश्वर पुण्याहून सुमारे 120 किलोमीटर आहे, तेव्हा जाताना चिंता नसते, पण ताम्हिणीकडे निघताना मी पिरंगुटच्या अलीकडेच टाकी फुल करतो.

सर्व्हिसिंगच्या वेळी इंजिन ऑइलखेरीज कूलंटची पातळी, गिअर ऑइल आणि ड्राइव्ह बेल्ट यांकडे स्वतः लक्ष द्यावे. शहरातल्या एका गॅरेजमध्ये मला गिअर ऑइल बदलल्याचे बिल मिळाले होते. घरी येऊन पाहिले तर ते ऑइल काढण्याच्या बोल्टवर महिनाभराची धूळ जशीच्या तशी बसलेली होती. तेव्हापासून मी समोर उभा राहून काम करून घेतो.

ही गाडी घेण्याचा विचार असेल, तर चाचणीला घरातल्या त्या व्यक्तीला बरोबर न्यावे जी रोज मागे बसणार आहे. सीटची उंची 790 मिलिमीटर असल्याने चालवणाऱ्याचे पाय सहसा टेकतात, पण मागच्या बैठकीवर चढताना साडीत किंवा गुडघे दुखत असताना पाय जरा जास्त उचलावा लागतो, आणि ते शोरूमच्या फरशीवरच तपासलेले बरे.